चैत्रांगणातली सायकल

मुलांनो, पुढच्या महिन्यात आपली इमारत पाडणार आहेत. सामान बांधण्याआधी मी ओट्यामागच्या टाइल्स गवंड्याकडून जपून काढून घेतल्या. त्या व्हिडिओ कॉलवर पाहून धाकटीने विचारलं, "आजी, तुळशीशेजारी सायकल का गं?" तेवढ्यात तुमची शाळेची बस आली आणि उत्तर राहून गेलं. टाइल्स आता खोक्यात बंद होतील, म्हणून आजच लिहिते.

नव्वदचं दशक संपता संपता तुमच्या आजोबांच्या कारखान्याने एका डच कंपनीशी भागीदारी केली. त्यांना तिकडे प्रशिक्षणाला पाठवलं, मीही बरोबर गेले. ते दिवसभर कामावर असत आणि मी संग्रहालयं पाहत फिरे. मोठमोठी तैलचित्रं पाहिली, पण पाय खिळले ते एका जुन्या घराच्या स्वयंपाकघरात. भिंतभर पांढऱ्या टाइल्स आणि प्रत्येकीच्या मधोमध निळ्या रंगात एकच चिमुकलं चित्र. दोरीवरच्या उड्या मारणारी मुलगी, जाळं टाकणारा कोळी, होडी. भोवती नुसतं पांढरं. बाहेर रस्त्यावर आले तर सायकलीच सायकली. पुणं सायकली सोडून स्कूटरवर बसत होतं आणि इथे टाय लावलेले साहेब पॅडल मारत होते! मी रोज बाकावर बसून वहीत सायकली काढायची.

परतले तेव्हा हिंजवडीत शेतांच्या मधे काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. त्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीला कँटीनच्या लांबलचक भिंतीसाठी टाइल्सचं डिझाइन हवं होतं. तोवर मी लग्नपत्रिका आणि मसाल्याची पाकिटं करत होते. त्यांवर माझं नाव कधी नसे. या भिंतीच्या कोपऱ्यात माझी सही असणार होती. मला ते काम फार हवं होतं.

मी मन लावून पवनचक्क्या, जहाजं, ट्युलिप काढले. कंपनीचा अधिकारी माझ्या मुलाच्या वयाचा. त्याने कागद उलटसुलट पाहिले.

"मॅडम, सुंदर आहे. पण हे मी पाहिलंय."

"कुठे?"

"बिस्किटांच्या डब्यावर."

त्याने सोमवारपर्यंत मुदत दिली. नाहीतर तयार वॉलपेपर लावणार होते.

शुक्रवारी आपल्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. आंब्याची डाळ वाटून झाली, पन्हं गाळून ठेवलं आणि मी दाराबाहेर गेरूने सारवलेल्या चौकोनात चैत्रांगण काढायला बसले. मखरात गौर, वर सूर्य-चंद्र, मग तुळस, कासव, गाय-वासरू, फणी, करंडा, पाळणा. हात सवयीने चालत होता, डोकं सोमवारच्या काळजीत होतं.

वरच्या मजल्यावरच्या काकू पहिल्या आल्या. उंबऱ्याशीच थांबल्या.

"अगं, हे काय? गौर सायकलवरून येणार आहे का यंदा?"

मी पाहिलं. तुळशीशेजारी, पालखीच्या जागी, चक्क सायकल! हँडल, घंटी, मागचं कॅरियरसुद्धा.

"बरंय," आजोबा आतून म्हणाले, "पार्किंगचा प्रश्न नाही."

बायका हसल्या. मी पुसायला वाकले, तर काकू म्हणाल्या, "राहू दे गं. पूर्वी पालखी होती म्हणून पालखी काढायचे. तुझ्याकडे सायकल आहे."

मी वाकलेलीच राहिले. प्रत्येक खुणेभोवती गेरूची मोकळी जागा होती. त्या परक्या स्वयंपाकघरात मी का थबकले होते, ते मला आपल्या दारात कळलं. लहानपणापासून दर चैत्रात मी असंच घरातल्या वस्तूंचं जग मांडत आले होते. पाहुण्यांना हरभऱ्याची ओटी भरताना माझं लक्ष सारखं दाराकडेच होतं.

शनिवार-रविवार बसून मी नवं डिझाइन केलं. गेरूच्या रंगाच्या टाइल्स, प्रत्येकीवर पांढऱ्या रेषेत एकच वस्तू. तुळस, स्कूटर, डबा, कासव, संगणकाचा माउस, मंडईतली पिशवी, पीएमटीची बस, पाळणा. आणि सायकल. सोमवारी त्या अधिकाऱ्याने एकेक कागद टेबलावर मांडून पाहिला.

"मॅडम, एक चूक आहे," तो म्हणाला.

"कोणती?"

"कँटीन आहे आणि पोहे नाहीत."

मी तिथेच, त्याच्याच पेनाने पोह्यांची बशी काढली. वर लिंबाची फोडही ठेवली.

भिंत झाली, कोपऱ्यात माझी सही झाली. नंतर हॉटेलं, दवाखाने, शाळा अशी कामं मिळत गेली. प्रवासही पुष्कळ झाले. मोरोक्कोतल्या अंगणांपासून जपानमधल्या चहाच्या खोल्यांपर्यंत खूप पाहिलं आणि जे आवडलं ते घरी आणलं. पण कागदावर उतरवण्याआधी ते दाराबाहेरच्या चौकोनात बसतं का, हे मी पाहत असे.

ती कंपनी पुढे दुसरीकडे गेली आणि भिंतही पाडली गेली. पण भिंतीचं काम चालू असताना भट्टीत जास्तीच्या भाजलेल्या टाइल्स मी ओट्यामागे लावल्या होत्या. जपून काढल्या तरी गवंड्याच्या छिन्नीने तुळशीला तडा गेला, बसचा कोपरा उडाला. पोहे आणि सायकल शाबूत आहेत.