ओल्या शेणावरची फेसाटी

भूकंपात वडील गेले आणि त्यानंतर आईनं स्लॅबखाली पाऊल टाकलं नाही. लातुरात आम्ही पत्र्याच्या घरात राहायचो. मी एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायचो. धाकटी बहीण तिथंच शिकली आणि बोर्डात चमकली. सत्कार क्लासच्या हिरवळीवर, उघड्यावर ठरला, तेव्हा आई म्हणाली, "उघड्यावर हाय तर येते की मी."

हिरवळ कसली, टक्कल पडलेलं मैदान! संचालक सर खेड्यातले, त्यांना गायरान आठवलं. माझे वडीलही उन्हाळ्यात गायरानावर बाभळीच्या काट्यांची फेसाटी करून, वर दगड ठेवून बैलांमागं ओढायचे. वाळलेले शेणाचे पो फुटायचे, भुगा सगळीकडं पसरायचा, पावसाळ्यात गवत एकसारखं यायचं. पोभोवती माजलेल्या गवताला गाय तोंड लावत नाही. जनावरालाही किळस असते. माणसांचं मात्र सांगवत नाही.

सत्काराच्या आदल्या दिवशी सरांनी ट्रॉलीभर शेण आणवलं. ताजं, लिबलिबीत.

म्हटलं, "सर, वाळलेलं लागतं. आणि गवत काय उद्या सकाळी येणार आहे का?"

"शेण ते शेण, मास्तर. आम्ही काय पुण्यात जन्मलो काय?"

फेसाटी जीपला बांधली आणि सर स्वतः गाडी हाकत सुटले. शेण फुटतंय कशाला? अख्खं मैदान सारवून निघालं. सकाळी त्यावर माशा घोंगावत होत्या. वास असा की चहासुद्धा घशाखाली उतरेना. सरांनी नाकाला रुमाल लावला आणि कार्यक्रम तळघरातल्या हॉलमध्ये हलवला. वर तीन मजले.

आई ठेवणीतलं इरकल नेसून आली होती. पायऱ्यांपर्यंत गेली, वर पाहिलं आणि मागं फिरली. "न्हाई रे, मला न्हाई जमायचं." मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून ती बसली, पदरानं माशा वारत. मीही तिच्याजवळ थांबलो. भोंग्यातून सरांचा आवाज येत होता, "मी या मातीचा लेक, मातीशी माझी नाळ..." मला खरोखर ओकारी आली. मग बहिणीचं नाव पुकारलं, "आईसह व्यासपीठावर यावं." आई खुर्चीतून अर्धवट उठली आणि परत बसली. आत टाळ्या वाजल्या. तिनंही वाजवल्या, भोंग्याकडं बघत.

बहीण वर आली. गळ्यातला हार काढून तिनं आईच्या गळ्यात घातला, पण हॉलमध्ये काय झालं ते सांगितलं नाही.

पुढं प्रवेश सुरू झाले तेव्हा चौकात क्लासचा भलामोठा फलक लागला. बहिणीच्या हातात ढाल, शेजारी जरीच्या साडीतली बाई, तिचा हात बहिणीच्या डोक्यावर. खाली लिहिलं होतं : मातेच्या आशीर्वादाने. मी आईला दुसऱ्या रस्त्यानं न्यायला हवं होतं. आईला वाचता येत नव्हतं, पण फोटो दिसत होता.

"पोरीजवळ ही कोन हाय रे?"

"सरांची बायको."

मी तिथंच पचकन थुंकलो.

"बरं झालं," आई म्हणाली. "पोरीजवळ कुनीतरी होतं की."