पदराकडे लागलेला फॉल

नातीचं लग्न उद्यावर आलेलं आणि कर्वेनगरच्या फॉल-पिकोवालीने शालूचा फॉल पदराच्या टोकाला लावलेला! मी म्हटलं, "अगं, डोकं कुठे ठेवून आलीस?"

"जागेवरच आहे, आजी. मल्टिपल स्क्लेरोसिस आहे मला. डॉक्टर म्हणतात, मेंदूतल्या जोडण्या बिघडल्यात. आठवतं सगळं, पण आपल्या बससारखं, फिरून फिरून येतं. शेजारी कोणी बोलत बसलं, की बस चुकलीच."

ती फॉल लावत असताना शेजारी बोलत मीच बसले होते. ती तर कामात रेडिओही लावत नाही.

"मग दुसरीकडे नेऊ का?"

"नको. तुम्ही फक्त गप्प बसा."

तिने हसत सगळं उसवलं, पदराला खुणेची चिठ्ठी टाचली, ती मोठ्याने वाचली आणि फॉल नीट लावला. नात त्याच शालूत बोहल्यावर चढली. त्यासाठी फॉल लागेपर्यंत तासभर तोंड मिटून मी बसले होते.