वड्यांसाठी थांबवलेला सिनेमा

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी उठून चहा टाकायला जाते. मूळची नागपूरची, एडिनबराच्या एका हॉस्पिटलात आयटीत नोकरी... प्रत्येक गडबडीला कारण असतं, असा माझा खाक्या. पण गेल्या हिवाळ्यातली ती दुपार त्यात काही बसत नाही.

आमच्या शेजारी यानोशआजोबा राहतात. हंगेरीचे, वय ऐंशीच्या पुढे, नजर झपाट्याने चाललेली. तरुणपणी, तिकडे कम्युनिस्ट राजवट असताना, त्यांनी एका सिनेमात कारकुनाचं छोटं काम केलं होतं. त्यात एका बेकरीवाल्याला भट्टी दुरुस्त करायची परवानगी हवी असते, आणि वरून हुकूम आल्याशिवाय ती द्यायची कोणाचीच छाती होत नाही. आजोबांचा कारकून मात्र गुपचूप शिक्का मारून मोकळा होतो, आणि टायपिस्ट मुलगी दाराशी पहारा देते. ती टायपिस्ट, एव्हा, पुढे त्यांची बायको झाली. पण हुकमाशिवाय शिक्का? पक्षाच्या साहेबांनी तो प्रसंगच कापून जाळायला लावला!

एव्हाआजी जाऊन बरीच वर्षं झाली. "नजर जायच्या आत तिला तशी एकदा बघायची होती," आजोबा म्हणाले, तेव्हा मला भरून आलं. उरलेला सिनेमा तरी दाखवावा म्हणून मी तो ऑनलाइन विकत घेतला आणि आमच्या मराठी मंडळाच्या रविवारच्या कार्यक्रमात ठेवला. सबटायटल्स तपासायला आधी घरी पूर्ण पाहिलाही. बेकरीवाला ऑफिसची खिडकी ठोठावतो, ती उघडत नाही, आणि एकदम तो रस्त्यावर दिसतो; कापलेला प्रसंग तिथलाच.

रविवारी नेमका तो खिडकीशी पोचला आणि मंडळाच्या किचनचे सर्वेसर्वा कुलकर्णीकाका ओरडले, "अगं, इंटरव्हल कर! वडे गार होतायत!"

"काका, याला इंटरव्हलच नाहीये."

"मग तू कर की! लॅपटॉप तुझ्याच हातात आहे ना?"

आपल्या लोकांपुढे कोण बोलणार... केला पॉज. वडे झाले, चहा झाला. पुन्हा सुरू केला – आणि खिडकी उघडली.

आत मोठ्या कानांचा एक पोरगेलासा कारकून. मागे टायपरायटरवर एक मुलगी. सबटायटल्स गायब! पण माझ्या शेजारच्या खुर्चीतून आजोबा एकेक वाक्य पडद्यावरच्या माणसाबरोबर म्हणत होते. शिक्का पडला. मुलीने दारातून मागे वळून पाहिलं आणि खुदकन हसली. आजोबांनी माझा हात घट्ट धरला.

"ती एव्हा," ते म्हणाले. "मला स्पष्ट दिसतेय गं!"

माझा चेहराही त्यांना धड दिसत नसे. माझ्या अंगावर सरसरून काटा आला, आणि खरं सांगते, त्याच वेळी मला रडावंसं वाटेल इतका आनंद झाला.

घरी येऊन तीच फाइल पाहिली. खिडकी बंद! तिथेच पॉज करून किती वेळा पाहिलं... बंद ती बंदच. बाकीच्यांना वाटतं, सिनेमा तसाच आहे. फक्त कुलकर्णीकाकांना सगळं सांगितलं, तर ते म्हणाले, "अगं, त्या मुलीच्या गालावर खळी होती ना? मग मी काय स्वप्नात पाहिली?"

कारण मला आजही सापडलेलं नाही. आजोबांची नजर आता जवळजवळ गेलीच. पण ते खुलले आहेत, दर रविवारी हौसेने मंडळात येतात. परवा मीच न राहवून विचारलं, "आजोबा, हे झालं कसं, असं तुम्हाला कधी वाटत नाही?"

"इतकी वर्षं एव्हा म्हटलं की मला तिचा शेवटचा, आजारातला चेहरा दिसायचा," ते म्हणाले. "आता डोळे मिटले की ती हसते. मी कशाला विचारू?"