रेडिओवरचा तो आणि बाजेवरचे हे

शेतात गवत निंदायला बसलं की हात चालतात, पाय सरकतात, पण कान बिचारे रिकामेच राहतात हो. त्या रिकाम्या कानांसाठी मी रेडिओ घेतला होता. छोटाच, पट्ट्याचा. कोराडीच्या पलीकडे आमचं वावर आहे, बांधावर एक कडुनिंब आहे. त्या निंबाच्या फांदीला मी तो टांगायची आणि आवाज इतका मोठा ठेवायची, की पार शेवटच्या ओळीतल्या बाईलाही ऐकू जावा.

सकाळी त्याचा कार्यक्रम लागायचा. नाव सांगत नाही, नावाशी आपल्याला करायचं काय. लोक फोन करून आपली गाऱ्हाणी सांगायचे आणि हा त्यांना झापायचा. बस, एवढाच तो कार्यक्रम. एखादी म्हणाली की सासू माझ्याशी बोलत नाही, तर हा म्हणे, "मग नशीब फळफळलं ना बाई, पेढे वाटा!" एखाद्याने सांगितलं की पोरगं ऐकत नाही, तर म्हणे, "तुम्ही आपल्या बापाचं ऐकलं होतं का? नाही ना? मग ठेवा फोन." त्याच्याजवळ ट्रकच्या भोंग्याचा आवाज होता. समोरचा माणूस जरा रेंगाळला की भोंऽऽ करून वाजवायचा आणि म्हणायचा, "चलो, नेक्स्ट!"

मला तो फार आवडायचा. खोटं काहून सांगू? मी पहिल्यापासून बोलकी, आणि लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून त्या बोलकेपणाची बोलणी खाल्ली. बाईमाणसाने एवढं बोलू नये, मोठ्यांसमोर बोलू नये, जेवताना बोलू नये. आणि हा पठ्ठ्या सकाळपासून बोलतो, वर त्याचा पगार घेतो! लाईट गेली की तो विजेच्या साहेबाला बोलायचा, दारुड्याला बोलायचा, बापाला फोन न करणाऱ्या लेकाला बोलायचा. मी जे जे गिळत आले होते, ते हा खुशाल बोलून टाकायचा. मी आणि निंदणाऱ्या बाया विळा खाली ठेवून हसायचो.

ह्यांना, म्हणजे आमच्या मालकांना, तो बिलकूल खपत नसे. ते मोजकं बोलणारे. पाणी प्यायला निंबाखाली आले की वर फांदीकडे पाहून म्हणायचे, "हा मानूस जेवते तरी कवा वं?"

"तुमच्यासारखा मुक्यानं जेवत नसन," मी म्हणायची.

"याच्या बायकोले इचार एकदा. घरी तोंड उघडू देते का याले." आणि हसत हसत आपल्या कामाला जायचे.

मग एका उन्हाळ्याच्या शेवटी ह्यांना लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. पाय हळूहळू आला, काठी घेऊन चालायला लागले. हात अर्धामुर्धा आला. बोलणं मात्र येईना. समजायचं सगळं, ते डोळ्यांत दिसायचं. पण शब्द तोंडाशी येऊन अडायचा. विहिरीतली भरलेली बादली कशी वर वर येते आणि काठाच्या खाली गिरक्या घेत राहते, तसं. आणि डॉक्टर म्हणाले होते की बोलणं यायचं तर या काही महिन्यांतच जास्तीत जास्त येईल, मागाहून कठीण. त्यामुळे माझा जीव त्या बादलीच्या दोरावर टांगलेला.

नागपूरला सदर भागाच्या पुढे एका मोठ्या दवाखान्यात त्यांना न्यावं लागायचं. तिथे बोलायला शिकवणारी एक मुलगी होती, आमच्या नातीएवढी वाटायची. ती चित्रं दाखवायची, कप, छत्री, गाय. एक दिवस तिने चित्रं बाजूला ठेवली आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "काका, यांचं नाव सांगा बरं."

ह्यांनी मान खाली घातली. ती थांबली. तिने पुन्हा विचारलं. हे खिडकीबाहेर पाहायला लागले. मुलीने कागदावर काहीतरी लिहिलं आणि मला हळूच म्हणाली, "जवळच्या माणसाचं नाव पण येत नाही आहे सध्या. तुम्ही घाबरू नका."

मी वळून ह्यांच्याकडे पाहिलं. आणि मग माझं लक्ष ह्यांच्या कानांकडे गेलं. कान लालबुंद झाले होते. मला हसूच फुटलं.

"अवं पोरी, येत नाही म्हनून नाही ते. ते घेतच नाही माहं नाव. लगन झालं तवापासून नाही घेतलं."

"मग हाक कशी मारतात तुम्हाला?"

"'अवं' म्हनते. नाहीतर नुसते खाकरते."

"बरं, मग तुम्ही सांगा काकांचं नाव."

आता आली का पंचाईत! नाव जिभेवर होतं, पण नवऱ्याच्या तोंडावर नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं? उखाण्यात घ्यायचं तर सुचायला पाहिजे. शेवटी मी म्हणाले, "सातबाऱ्यावर आहे, पाहून घे."

मुलगी इतकी हसली की बाहेरची नर्स डोकावून गेली. "काकू," ती म्हणाली, "उपचार तुमच्यावर पण करावा लागेल." आणि हेही हसले. अर्ध्याच तोंडाने, पण लकवा झाल्यापासून पहिल्यांदा.

कागदावरचं लिहिलेलं तिने खोडून टाकलं. निघताना मला एकटीला थांबवून म्हणाली, "काकू, एक करा. त्यांचं वाक्य तुम्ही पूर्ण करायचं नाही. पुढचा शब्द माहीत असला तरी नाही. थांबायचं. आणि आजूबाजूला शांतता ठेवायची. दुसरा आवाज असला की त्यांना दुप्पट जोर लावावा लागतो."

थांबायचं! आणि मी! पण ऐकलं तिचं. घरातला टीव्ही बंद केला. वावरातला रेडिओ मात्र काढला नाही. वावर म्हणजे काही घर नाही, असा मी माझ्यापुरता कायदा काढला. त्या आवाजाशिवाय निंदण कसं उरकणार, हेच मला समजत नव्हतं.

हे घरी थांबायला तयार नसायचे. मग सकाळी शेजाऱ्याच्या बैलबंडीत बसवून त्यांना वावरात आणायचं, निंबाखाली बाज टाकायची, उशी द्यायची. म्हणजे बाजेवर हे आणि बरोबर डोक्यावर तो. पण शब्द येऊ लागले होते. पाणी आलं. ऊन आलं. एकदा समोरच्या वावरात पाहून म्हणाले, "बैल... सुटला." दोन शब्द एकामागे एक! मी त्या शेजाऱ्याच्या बैलाला मनातल्या मनात ओवाळलं.

आणि मग तो फोन आला. श्रावण होता, कपाशीच्या पऱ्हाटीत गवत माजलं होतं, आम्ही पाच-सहा जणी निंदत होतो. रेडिओवर कोणी म्हातारा माणूस लागला. आवाजावरूनच मला कळलं. तो म्हणाला, "आमच्या... गावाची... ब... ब..." बस म्हणायची असेल त्याला. शब्द काठापर्यंत येत होता आणि गिरकी घेत होता.

"काका," रेडिओवरचा म्हणाला, "सिग्नल लागला का तुमच्या तोंडात? लाल आहे का? हिरवा झाला की फोन करा बरं!" भोंऽऽ. "चलो, नेक्स्ट!"

बाया हसल्या. सवयीने माझ्याही तोंडावर हसू आलं आणि तसंच राहिलं. मी बाजेकडे पाहिलं. हे भिंतीकडे तोंड करावं तसं निंबाच्या खोडाकडे तोंड करून झोपले होते.

त्या दिवसापासून ह्यांचं पाणी गेलं, ऊन गेलं. तहान लागली की हाताने तांब्या दाखवायचे. मला वाटलं दमले असतील. दवाखान्यातली मुलगीही बुचकळ्यात पडली. "मागच्या वेळी तर छान येत होतं," म्हणाली. "घरी काही झालं का?" मी म्हणाले, "काही नाही बाई." मला तेव्हा खरंच जोडता आलं नव्हतं.

दोन-चार दिवसांनी मी रेडिओ लावून ओळीत जाऊन बसले. पाहते तर हे बाजेवरून उठून रेडिओशी झटताहेत. उजव्या हाताने बटन फिरेना, म्हणून डावा लावला. तो उलटा फिरला, आणि त्या माणसाचा आवाज असा काही फुटला की निंबावरचे कावळे उडाले. मी धावत गेले, रेडिओ बंद केला.

"काय झालं? आवाज मोठा होते का?"

त्यांनी मान हलवली. मग आपल्या तोंडाकडे बोट नेलं आणि कितीतरी वेळाने म्हणाले, "सिग्नल... लाल."

आणि हसायला गेले माझ्याकडे पाहून. ते हसणं मला पाहवेना. मी खाली बाजेवर बसले, पदराने त्यांचं तोंड पुसलं, तिथे पुसायला काही नव्हतं तरी. रेडिओ फांदीवरून काढून पाटीत, भाकरीच्या फडक्याखाली ठेवून दिला.

पहिले काही दिवस जड गेले. बाया कुरकुरल्या. त्यांच्यातली एक माझ्या लग्नाआधीपासून या वावरात येणारी, तिची जीभ माझ्यापेक्षा लांब. ती म्हणे, "काहून वं माय, मयताले बसल्यासारखं निंदून राहिलो आपन?" मी म्हणाले, "तू बोल ना मग. तुह्यात सेल टाका लागते का?" तिने आपला मोबाईल ओटीत घालून आणला आणि लांबच्या कोपऱ्यात लावून बसली. मी लावू दिला. तिच्या नवऱ्याला काही लकवा झाला नव्हता.

मी निंबाजवळच्या ओळी धरायला लागले. हे काही सांगायला लागले की विळा थांबवायचा आणि तोंडाकडे पाहायचं. सोपं नाही हो ते! पुढचा शब्द मला दिसत असायचा, जिभेवर येऊन नाचायचा. एकदा किती तरी वेळ त्यांनी जोर लावला, कपाळाला घाम आला. माझे डोळे भरून आले, वाटलं आता काहीतरी मनातलं सांगतील. आणि ते म्हणाले, "तुरीत... गवत... राहिलं."

म्हणजे चूकच काढली माझी! पण तीन शब्द होते.

पुढे एकदा दवाखान्यात जाताना शेअर ऑटोत तो पुन्हा भेटला. ऑटोवाल्याने लावला होता. तोच भोंगा, तेच नेक्स्ट, आणि ऑटोवाला हँडलवर हात मारून हसत होता. मला वाटलं होतं, आता ऐकला तर संताप येईल. नाही आला. एका विनोदाला तर थोडं हसूही आलं, तो गमत्या होताच. पण प्रत्येक फोन आला की मी पुढचं ऐकायला कान द्यायची, त्या माणसाला सांगायचं तरी काय होतं म्हणून, आणि तेवढ्यात भोंगा वाजायचा. एकाचंही गाऱ्हाणं मला पूर्ण कळलं नाही. इतकी वर्षं मी हा कार्यक्रम ऐकला, आणि ही गोष्ट मला कधी खटकलीच नव्हती. उतरताना ह्यांना हात देऊन उतरवलं आणि तो आवाज ऑटोबरोबर पुढे निघून गेला.

मग पऱ्हाटी फुटली. पहिली वेचणी लागण्याआधी आमच्याकडे सीतादही करतात. वावरातल्या एका चांगल्या झाडाखाली पाच खडे मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, झाडाभोवती कापसाचा धागा गुंडाळायचा. आणि आमच्या वावराची रीत अशी, की घरच्या धन्याने वेचणाऱ्या बायांना मोठ्याने "लागा" म्हणायचं. तोवर कोणी बोंडाला हात लावत नाही. दर वर्षी हे ते चालता चालता म्हणून जायचे, कोणाच्या ध्यानातही राहायचं नाही.

या वर्षी पूजा झाली आणि सगळ्या जणी ओटी बांधून आपापल्या ओळीशी उभ्या राहिल्या. हे काठीवर भार देऊन समोर उभे. तोंड उघडलं. बंद केलं. पुन्हा उघडलं.

ती लांब जिभेची माझ्याजवळ येऊन कुजबुजली, "तूच म्हन ना वं माय. ऊन चढून राहिलं."

म्हणायला काय लागतं! दोन अक्षरं. माझ्या तोंडात तयार होती. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला कळेना की हे मला म्हण म्हणताहेत का म्हणू नको म्हणताहेत. मी ओठ घट्ट मिटले आणि त्या बाईचा हात धरून ठेवला. कोणी हललं नाही. मानेची शीर तट्ट फुगली त्यांची.

"ला... गा."

बारीकच आवाज. जवळच्या बाया वाकल्या. पण तिकडच्या टोकाची एक ओरडली, "काय म्हन्ले वं?"

तसे हे भडकले. काठी आपटली जमिनीवर. "लागा... म्हनलं! बहिऱ्या... झाल्या... काय!"

"आता बोलले मालक!" कोणीतरी म्हणालं, आणि साऱ्या वावरात हसू पिकलं. माझ्या बोटांत पहिलं बोंड आलं, ते मला नीट दिसेचना, नुसतं पांढरं पांढरं काहीतरी.

दुपारपर्यंत त्यांनी कोणाला सुखाने वेचू दिलं नाही. काठी टेकत ओळीओळीने फिरले, "हे... राहिलं, ते... राहिलं" करत. जेवायला निंबाखाली बसलो तेव्हा मी त्यांच्या हातावर नैवेद्याचा दहीभात दिला. एक घास खाल्ला आणि त्यांचं तोंड पुन्हा शब्दाच्या तयारीला लागलं. मी माझी भाकर हातात धरून थांबले.

"मीठ... नाही."

"निवदाच्या भातात मीठ घालत नाही, मालूम नाही का तुमाले?"

"माय... घाले."

त्यांची आई घालत नव्हती, मी याच घरात तिच्या हाताखाली भात लावला आहे. तसं मी म्हणालेही. मग आमचं चांगलंच भांडण जुंपलं. भात संपला, बाया उठून पुन्हा ओळींना लागल्या, तरी ते चाललंच होतं, कारण त्यांची बाजू मांडून व्हायला वेळ लागत होता.