आईबरोबर पाहिलेली कॅसिनोची दोन हॉटेलं

इथे परदेशात, तांजोंग पगार नावाच्या भागातल्या ज्या ऑफिसात मी नोकरी करते, तिथे माझं काम हॉटेलांच्या खोल्यांची तुलना लिहिण्याचं आहे. प्रवाशांसाठीची वेबसाइट आहे आमची. गादी कशी आहे, शॉवरला पाणी जोरात येतं का, पडदे ओढल्यावर अंधार होतो का, शेजारच्या खोलीतलं बोलणं ऐकू येतं का, आणि एवढे पैसे मोजून माणसाच्या पदरात नेमकं काय पडतं, हे साध्या भाषेत लिहायचं. घरी कुणाला हे काम वाटत नाही. माझा नवरा इंजिनीअर आहे, तो म्हणतो, तुला झोपायचा पगार मिळतो.

मागच्या वर्षी बॉसने सांगितलं की शहरातल्या कॅसिनोवाल्या दोन मोठ्या हॉटेलांची तुलना हवी. एक खाडीकाठचं, एक बेटावरचं. दोन्हीकडे एकेक रात्र राहायचं, खोली दोघांची, सोबत कुणालाही ने. नवऱ्याला सुट्टी नव्हती, मुलीची शाळा होती. राहिली आई.

आई तेव्हा नागपूरहून आमच्या पुंगोलच्या फ्लॅटवर दोन महिन्यांसाठी आली होती, आणि खरं सांगायचं तर मी तिच्यामुळे धास्तावलेली होते. ती यायच्या आधीच ताईचा फोन आला होता. ताई आणि आई एकाच घरात राहतात. "आई विसरायला लागलीय," ताई म्हणाली. "एक विचारावं तर दुसरंच सांगते. गॅस बंद केलास का विचारलं तर म्हणते, भात झाला. तू जरा लक्ष ठेव."

मी लक्ष ठेवलं आणि ताईचं म्हणणं खरं वाटायला लागलं. माझी आई सरकारी दवाखान्यात तेहेतीस वर्षं सिस्टर होती. शेवटी शेवटी आख्खा वॉर्ड तिच्या हाताखाली होता. कुठल्या खाटेवरच्या पेशंटला किती वाजता कुठलं इंजेक्शन, हे तिला कागद न बघता पाठ असायचं. ती आता आमच्याकडे जेवताना गप्प बसायची. नवरा काही बोलला की हसून मान हलवायची, प्रश्न असला तरी. एकदा मी तिला एकटीला भाजी आणायला पाठवलं, आणि येताना ती भलत्याच एलआरटीत, म्हणजे आमच्या भागातल्या छोट्या मेट्रोत, बसली. ती गाडी गोल फिरते. आई तिच्यात बसून पूर्ण दोन फेऱ्या फिरली. नवरा शोधायला गेला, तर ती पिशवी मांडीवर घेऊन शांत बसलेली होती. "तू सांगितलं त्याच गाडीत बसले मी," एवढंच म्हणाली. मी तिला ईस्ट लूप सांगितलं होतं, ती वेस्टमध्ये बसली होती.

दुसऱ्याच दिवशी मी तिला न सांगता स्मरणशक्तीच्या तपासणीसाठी डॉक्टरांची वेळ घेतली. तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली. ते तीन आठवडे मी फोनवर नको नको ते वाचत होते. ती आंघोळीला गेली की दाराबाहेर उभी राहायचे. हॉटेलांचं काम त्याच दिवसांत आलं. तिला घरी एकटं ठेवायची भीती वाटत होती, म्हणून मी तिला बरोबर घेतलं, हे खरं कारण.

खाडीकाठच्या हॉटेलची लॉबी म्हणजे जत्रा होती. बॅगांची चाकं, टूर गाइडांच्या हाका, वर उंच छत, त्यामुळे सगळा आवाज घुमत होता. काउंटरवर आमचा नंबर आला. मी म्हटलं, "आई, पासपोर्ट दे."

आई म्हणाली, "हो, टोस्ट चालेल."

काउंटरवरच्या मुलीला मराठी येत नव्हतं, पण माझा चेहरा तिने पाहिला असणार. मी आईच्या पर्समधून स्वतःच पासपोर्ट काढला. मग पैसे भरताना मी विचारलं, "किल्ली तुझ्याकडे दिली ना त्यांनी?" तर आई इकडेतिकडे बघून म्हणाली, "नाही, खिडकी नाही इथे." लिफ्टमध्ये मी तिचा हात धरला. तिला वाटलं लिफ्टची भीती वाटते म्हणून धरला, आणि तिने माझा हात थोपटला.

खोली मात्र पाहण्यासारखी होती. भिंतभर काच, खाली समुद्र, रांगेत उभी असलेली जहाजं. मी वही काढून लिहायला बसले. आईने चपला काढल्या, पर्स ठेवली आणि एकदम सिस्टर झाली. चादरीचा कोपरा उचलून घडी पाहिली. "बरोबर आहे. आम्ही अशीच घालायचो," म्हणाली. गादी तीन ठिकाणी दाबली. कमोडच्या मागून बोट फिरवलं आणि बोट उजेडात धरून पाहिलं. स्वच्छ निघालं. मग शॉवरपाशी उभी राहून म्हणाली, "हा उंबरा पाहिला का? म्हातारं माणूस इथे ठेचकाळणार. आणि धरायला दांडा कुठे आहे?"

मी विचारलं, "दांडा पाहिजेच का?"

"माझ्या वयाची माणसं येत नाहीत का इथे? येतात. खाली पाहिलं मी, पत्ते खेळायला सगळी माझ्याच वयाची चालली होती."

मी हसले. त्या संध्याकाळी आम्ही खोलीतच जेवण मागवलं आणि खूप बोललो. बाबांबद्दल, ताईच्या मुलाच्या बारावीबद्दल. एकही उत्तर चुकलं नाही. मला वाटलं, आज तिचा दिवस चांगला आहे. या आजारात चांगले दिवस असतात, असं मी वाचलेलं होतं. त्यामुळे बरं वाटण्याऐवजी मला आणखीच वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बेटावरच्या हॉटेलला गेलो. तिथे लॉबीला लागूनच खाण्यापिण्याची दुकानं, गाणी चालू, शाळकरी पोरांची सहल आलेली. दोन चाव्या मिळाल्या, म्हणजे कार्डंच. एक मी आईकडे दिलं. मग लक्षात आलं की नाश्त्याचं कूपन घ्यायचं राहिलं. आई माझी बाही ओढून काहीतरी विचारत होती. मी वळता वळता म्हटलं, "बरं, थांब हं, आलेच मी," आणि पुन्हा काउंटरच्या रांगेत उभी राहिले.

परत आले तर आई नव्हती.

दुकानांत पाहिलं. बायकांच्या टॉयलेटमध्ये हाका मारल्या. तिच्याकडे इथला फोन नव्हता. बाहेर टॅक्स्यांची रांग होती, तिथे धावले. कॅसिनोच्या दारावरच्या रखवालदाराला मोबाइलवरचा फोटो दाखवला, तो म्हणाला आत गेलेली नाही. त्याने वॉकीटॉकीवर कुणाला तरी कळवलं आणि मला खुर्चीवर बसायला सांगितलं. मला बसवेना. तिला त्या दिवशी घरीच ठेवायला हवं होतं, तपासणीची तारीख पैसे देऊन लवकरची घ्यायला हवी होती, ताईला काय सांगू, असं सगळं डोक्यात एकदम चालू होतं. पंधरा मिनिटं गेली असतील. मग रखवालदारच म्हणाला, खोलीत पाहिलंत का. मी म्हटलं, तिला खोली माहीत नाही. तो म्हणाला, तरी पाहून या.

लिफ्टमधून बाहेर पडले, लांबच्या लांब कॉरिडॉर, आणि आमच्या खोलीचं दार उघडं. आई आत उशा मोजत होती.

"आई, तू इथे कशी?"

"म्हणजे? तूच म्हणाली ना, वर थांब."

मी दारातच उभी राहिले. "मी म्हटलं, बरं, थांब."

"हो. वर थांब. म्हणून वर आले."

"आणि खोलीचा नंबर कुणी सांगितला?"

"काउंटरवरच्या पोरीने कार्डाच्या पाकिटावर लिहिला तेव्हा पाहिला की." तिने चार आकडी नंबर घडाघडा सांगितला. मग माझ्याकडे पाहून तिचा आवाज बदलला. "काय झालं? तू धापा कशाला टाकून राहिली?"

मी फोनवरून खाली रिसेप्शनला कळवलं की सापडली. मग खुर्चीत बसले. खोलीत अजिबात आवाज नव्हता. जाड गालिचा, जाड पडदे, एसी सुद्धा ऐकू येत नव्हता. त्या शांततेत मला पहिल्यांदा शंका आली. मी तिच्याकडे पाठ करून, खिडकीबाहेर बघत, साध्या आवाजात विचारलं, "कालच्या खोलीत उशा किती होत्या?"

"चार. इथे सहा आहेत. एवढ्या कशाला पाहिजेत?"

"आणि दिव्याचं बटण?"

"काल पलंगाच्या डावीकडे होतं, घड्याळाखाली. इथे दोन्हीकडे आहे, हे बरं. कालची कपाटाची दारं काचेची, इथली लाकडी. तिथे चहाची पाकिटं आठ होती."

मी वही उघडली. चहाची पाकिटं मी मोजलीच नव्हती, पण बाकी सगळं जुळत होतं. मी उठून बाथरूमच्या पंख्याचं बटण दाबलं आणि नळ मोठा सोडला. पुन्हा पाठ करून, त्याच आवाजात विचारलं, "आई, तुझं लग्न कुठल्या साली झालं?"

उत्तर नाही. वळून पाहिलं, तर ती उशीचा अभ्रा नीट करत होती. मी नळ बंद केला, पंखा बंद केला, तेच विचारलं. तिने साल सांगितलं, तारीख सांगितली, आणि म्हणाली, "हे का विचारून राहिली?"

मी पलंगावर बसले आणि मला रडू आलं. ती घाबरून जवळ आली, कपाळाला हात लावून ताप पाहिला. मग म्हणाली, "गादी एवढी वाईट आहे का?"

मी हसत रडत तिला सगळं सांगितलं. ताईचा फोन, एलआरटीच्या फेऱ्या, घेतलेली तारीख. वाटलं, चिडेल. ती चिडली नाही. तिने बाजूची उशी मांडीवर घेतली.

"कमी ऐकू येतं हे मला माहीत होतं," ती म्हणाली. "वर्ष झालं असेल. पण तुम्ही दोघी फोनवर मोठ्याने बोलायच्या ना, आई विसरते, आई विसरते. ते मात्र ऐकू आलं. मग मलाच वाटायला लागलं की तसंच असेल. मी रात्री पडल्या पडल्या जुन्या वॉर्डातल्या बायकांची नावं म्हणून पाहायची, खाटेच्या क्रमाने. आठवतात की नाही."

"आठवायची?"

"आठवायची. पण वाटायचं, जुनं तर सगळ्यांनाच आठवतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू सांगितलं का?" ती म्हणाली.

त्या दिवशी आम्ही पुन्हा खाली उतरलोच नाही. ती लोळत पडली, मी तिच्या शेजारी बसून तुलना लिहून काढली. मला इतकं हलकं वाटत होतं की ती मी एका बैठकीत लिहिली. खाडीकाठच्या खोलीत पैसे जातात ते देखाव्याचे, आणि देखावा खरोखर तेवढ्या पैशांचा आहे, असं लिहिलं. बेटावरच्या खोलीत शॉवरला उंबरा नाही, धरायला दांडा आहे, दिवे हाताशी आहेत आणि शांतता आहे. वयस्कर माणसाला घेऊन येणार असाल तर हीच खोली घ्या. बॉसने नंतर वाचलं आणि विचारलं, शांततेवर आख्खा परिच्छेद कशाला. मी म्हटलं, राहू दे. तिने राहू दिला.

डॉक्टरांची वेळ मी रद्द केली नाही, आईनेच करू दिली नाही. "होऊन जाऊ दे एकदा," म्हणाली. तपासणीत तिने सगळी उत्तरं बरोबर दिली, फक्त पंतप्रधान विचारल्यावर कुठल्या देशाचे, असं उलट विचारलं. स्मरणशक्ती उत्तम, असं डॉक्टरांनी लिहून दिलं आणि आम्हाला कानाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डाव्या कानात मळ दगडासारखा बसला होता, तो काढला. उजव्या कानाची नस वयाने कमजोर झाली होती, त्याला मशीन लागलं. मशीन बसवून बाहेर आलो तेव्हा माझी मुलगी आजीला म्हणाली, "आजी, नाउ कॅन हिअर ऑर नॉट?" आजीने तिला हळू बोलायला सांगितलं.

रात्रीचं जेवण व्हायच्या आधीच मी ताईला फोन लावला. नागपुरात उन्हाळा होता, मागे कूलर घरघरत होता. मी तिला म्हटलं, आधी तो कूलर बंद कर. तिने बंद केला. मग मी एकेक करून सगळं सांगितलं. फोन कट झाला असं वाटून मी दोनदा हॅलो म्हटलं.

"आहे मी," ती म्हणाली. तिचा आवाज ओला होता. "तुला सांगितलं नव्हतं मी. ती परत येईल तेव्हा तिच्या खोलीला बाहेरून लावायला एक कडी आणून ठेवलीय. घराबाहेर पडून हरवू नये म्हणून. सुताराला उद्या बोलावलं होतं."

"नको बोलावू."

"नाही बोलावत," ताई म्हणाली. "पावती कुठे ठेवली बघते. दुकानदार घेईल परत."