न फाटणारी शिवण

पक्क्या मास्तरचा हात आधी चालायचा आणि तोंड मागाहून. गाड्यांची सीट-कव्हरं शिवणारा हा माणूस. गाड्यांच्या सामानाच्या दुकानामागे, पत्र्याखाली, त्याचं जाड सुईचं मशीन होतं, आणि त्या मशीनजवळ उभं राहून कुणी तोंड सैल सोडलं की त्याचं काही खरं नसायचं. एकदा एक गिऱ्हाईक म्हणालं, "मास्तर, टाका जरा वाकडा वाटतोय." मास्तरने त्याला कॉलर धरून त्याच सीटवर आदळलं आणि टाका सरळ दिसायला लागेपर्यंत उठू दिलं नाही. दुसऱ्या एकावर त्याने कात्री फेकली. ती हुकली आणि दारात रुतली. दुकानदाराने ती बरेच दिवस तशीच राहू दिली, म्हणजे नव्या गिऱ्हाइकांना वेगळं काही समजावून सांगावं लागत नसे.

तरी लोक यायचे, कारण शिवण. सीट खचायची, स्प्रिंगा वर यायच्या, गाडी भंगारात जायची, पण मास्तरचा टाका काही हलायचा नाही. काम झालं का विचारलं की तो एकच शब्द बोलायचा, "पक्कं." नाव त्यावरूनच पडलेलं.

दुकानदार म्हणजे त्याचा साडू. मास्तरची बायको गेली होती आणि एकुलत्या एका लेकीशी बोलणं नव्हतं. तिच्या लग्नात मास्तरने तिच्या गाडीला स्वतःच्या हाताने कव्हरं चढवून दिली होती. दोन महिन्यांनी जावई सहज म्हणाला, "कव्हर जरा करकरतं हो." चार पाहुण्यांदेखत मास्तरने त्याच्या कानफटात दिली. लेकीने तेव्हाच बापाचा नंबर फोनमध्ये ब्लॉक करून टाकला. तो मात्र म्हणत राहिला, "पोरीला ताठा फार." तो कुणाकडून आला, हे त्याला कोण सांगणार?

ती कव्हरं परदेशी होती. साडू ती मागवायला लागून तेव्हा थोडेच दिवस झाले होते. मऊ, झकपक, ज्या त्या गाडीच्या मापाची. पहिलंच कव्हर मास्तरने हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि दाराच्या बाजूच्या कडेची शिवण दोन अंगठ्यांनी ताणली. ती टरकन उसवली. बाकी सगळीकडे मजबूत दोरा, आणि नेमक्या त्या वीतभर जागेत असला कच्चा. मास्तर पोट धरून हसला.

"घे, बघ तुझे परदेशी कारागीर," तो साडूला म्हणाला. "शेवटी दोरा संपला वाटतं त्यांचा."

कव्हरासोबत एक चिठ्ठी यायची. तिच्यावर सीटच्या कडेतून फुगा बाहेर आल्याचं चित्र असायचं. मास्तरने ती घडी करून मशीनच्या डुगडुगत्या पायाखाली सारली. तिथून पुढे आलेलं प्रत्येक कव्हर त्याने त्या जागी तीन पदरी नायलॉनच्या दोऱ्याने पुन्हा शिवलं आणि वरून दुहेरी टीप मारली. लेकीच्या गाडीला दोरा चार पदरी घातला. लेकीचं काम होतं ना.

मग वाहन तपासणी कार्यालयाचा निरीक्षक आला. काडीसारखा माणूस, जाड चष्म्याचा, पण कामाला चोख. त्याने एका सीटची कड ओढून पाहिली, पुन्हा ओढून पाहिली.

"मास्तर, सीटच्या या कडेत एअरबॅग असते," तो म्हणाला. "बाजूने धडक बसली की ती इथून बाहेर यायला हवी. नियमच आहे तसा. ही शिवण फाटलीच पाहिजे."

मास्तरच्या कानात शेवटचं वाक्य तेवढं शिरलं. आपली शिवण फाटली पाहिजे म्हणणारा माणूस त्याला जन्मात भेटला नव्हता. त्याने निरीक्षकाला भिंतीवर रेटलं आणि अशी ठेवून दिली की चष्म्याची काच गालात घुसली. साडूने हातापाया पडून प्रकरण मिटवलं. ते मिटलं नसतं तर बरं झालं असतं, असं आज साडू स्वतःच म्हणतो.

महिन्याभराने चौकात भर सकाळी मालाने भरलेला एक टेम्पो औषधवाल्याच्या गाडीत बाजूने घुसला. औषधवाला साडूचं जुनं गिऱ्हाईक. वेग काही फार नव्हता. दार आत दबलं आणि त्याच्या फासळ्यांवर बसलं. लोकांनी पत्रा वाकवून बाहेर काढेपर्यंत माणूस संपला होता.

दुपारी त्याचा थोरला भाऊ दुकानात आला. एका हातात जॅकचा दांडा, दुसऱ्या हातात सीटवरून ओरबाडून काढलेलं कव्हर. गॅरेजवाल्याने त्याला सगळं दाखवलं होतं: एअरबॅग उघडली होती, पण कव्हराच्या आतच फुगून अडकून राहिली होती. थोरल्याने पहिला फटका काउंटरच्या काचेवर घातला आणि दुसरा साडूच्या हातावर. हाड मोडल्याचा आवाज मागे मशीनपर्यंत आला.

"कचरा विकतोस? माणसं मारायला कचरा आणतोस?" थोरला मारत होता आणि साडू काचांमध्ये गुडघ्यांवर पडून, "मी नुसतं विकतो हो," एवढंच म्हणत होता.

मास्तर धावत आला तो सरळ थोरल्याच्या नरडीला भिडला. दोघेही काचांवर आपटले. मास्तरने त्याला खाली घेतला, छातीवर गुडघा रोवला आणि मूठ उगारली. तेवढ्यात शेजारी पडलेल्या कव्हराकडे त्याचं लक्ष गेलं. कड रक्ताने भिजून काळी पडली होती. तीन पदरी दोरा, दुहेरी टीप. एकही टाका हलला नव्हता.

निरीक्षकाचं बोलणं त्याला तेव्हा कळलं.

"शिवण माझी आहे," छातीवरचा गुडघा काढून घेत मास्तर म्हणाला. थोरल्याला काही उमगेना. "कव्हर चांगलं होतं. इथे ते फाटणार होतं. मी शिवून बंद केलं. त्याला सोड, मला मार."

थोरल्याने दांडा उचलला आणि त्याच्या खांद्यात हाणला. दुसरा कानामागे बसला. मास्तर खाली बसला, आणि खाली बसल्यावर त्याला ते चार पदर आठवले. लेक आणि जावई एकाच कारखान्यात कामाला होते. चारला सुट्टी व्हायची आणि दोघं त्याच गाडीतून हमरस्त्याने घरी जायचे. भिंतीवर साडेतीन झाले होते.

त्याने साडूच्या फोनवरून लेकीला फोन लावला. "मी बोलतोय," एवढंच म्हणाला, तोवर तिने कट केला. मग आजवर कुणाला पाठ न दाखवलेला हा माणूस तिसरा फटका चुकवून पळाला. चामडं कापायची रुंद पात्याची रापी त्याने पट्ट्यात खोचली, साडूची स्कूटर काढली आणि कानामागून रक्त गळत असताना कारखान्याच्या आवारात येऊन थांबला.

गाडी लॉक होती. त्याने दगडाने काच फोडली. गाडी बोंबलायला लागली. आत हात घालून त्याने दार उघडलं, ड्रायव्हरच्या सीटची कड धरली आणि रापी चालवली. पण ती त्याचीच शिवण. पातं घसरायचं, एखाददुसरा पदर तुटायचा. तेवढ्यात पाठीत काठी बसली. वॉचमन होता. मागोमाग जावई धावत आला, काठी हिसकावून घेतली आणि पाठमोऱ्या चोराला बडवायला लागला. चोर वळेना, हात उचलेना, नुसता कापत राहिला. जावयाने तोंड पाहिलं तेव्हा क्षणभर थांबला. मग आणखी दोन लगावल्या. त्या त्याच्या हक्काच्या होत्या. त्या सीटचे शेवटचे पदर कापून होतायत तोच त्यातली एक मनगटावर बसली, मनगट मोडलं आणि रापी खाली पडली.

तोवर लेक आली. बापाचं रक्ताळलेलं तोंड, वीतभर कापलेली सीट आणि खाली पडलेली रापी तिने पाहिली.

"काय चालवलंय बाबा तुम्ही?" तिचा आवाज कापत होता, भीतीने कमी आणि संतापाने जास्त. "आता आमचे जीव घेणार आहात का?"

"घेतलेच असते," मास्तर म्हणाला. "माझी शिवण वाईट आहे, पोरी."

हे वाक्य त्या तोंडातून कधी निघेल असं तिला वाटलं नव्हतं. मग त्याने धापा टाकत औषधवाल्याचं सांगितलं, एअरबॅगचं सांगितलं, चार पदरांचं सांगितलं. "पलीकडची सीट राहिलीय," तो म्हणाला. "माझा हात चालत नाही. तू काप."

लेकीने रापी उचलली. जावयाने काठी टाकली आणि सीट दोन्ही हातांनी ताणून धरली. पहिल्यांदा पातं घसरलं, दुसऱ्यांदाही. मग ती सीटवर गुडघा टेकून सगळ्या अंगाचा भार देऊन ओढत राहिली, रडत राहिली, आणि शेवटी शिवण कडाकड सुटत गेली. मास्तरने डोळे मिटून घेतले. आपली शिवण सुटताना होतो तो आवाज त्याने कधी ऐकला नव्हता.

"अशा अजून किती गाड्या आहेत?" जावयाने विचारलं.

"एकोणीस. सगळ्या मला आठवतात. वाटेत सांगतो, लिहून घ्या, आणि त्या निरीक्षकाला फोन करा. त्याला कळतं यातलं." मास्तर मोडलेलं मनगट पोटाशी धरून मागच्या सीटवर बसला. "मला आधी दुकानात सोडा. औषधवाल्याचा भाऊ अजून तिथेच असेल. मार अर्धवट टाकून आलोय."

जावयाने लेकीकडे पाहिलं, मग मान हलवली आणि गाडी सुरू केली.