तोंडावर बोट

काल जेवताना माझ्या तीन वर्षांच्या नातीच्या हातून पाण्याचा पेला कलंडला. कोणी रागावण्यापूर्वीच तिने हाताची घडी घातली, तोंडावर बोट ठेवले आणि ती निश्चल बसली.

"बघा ना बाबा, पाळणाघरात किती छान वळण लागलंय!" सूनबाई कौतुकाने म्हणाली.

"ह्याला धाक म्हणतात," मी सुनावले. वीस मुले सांभाळणाऱ्या दोन बायांना शांतता हवी असणार, हे मलाही कळते. परंतु त्यांची ती सोय मुलांचा स्वभाव होऊन घरोघरी परतते, हे ह्या शिकलेल्या मंडळींना दिसू नये? पूर्वी हीच पोर सांडलेल्या पाण्यात बोटाने मासे काढत असे.

"अगं, बोल काहीतरी!" मी तिला म्हणालो.

तिने आधी आईकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"आता बोललं तर चालेल?"